खेळून आल्यावर पिल्लू किती वेळ धापा टाकतं? (लॅब्रॅडॉर, साडेचार महिने, ठाणे)

ठाणेकर_लॅब

नमस्कार मंडळी,

लॅब्रॅडॉर मादी, साडेचार महिन्यांची, वजन 15 किलो. लसी पूर्ण, जंतांचं औषध वेळच्या वेळी. सकाळी सहाला पट्ट्यावर 20 मिनिटं चालते, घरी येऊन पाणी पिते आणि पाचेक मिनिटांत शांत होते. अडचण संध्याकाळची आहे. पाच-सव्वापाचला सोसायटीच्या पार्किंगमागे पेव्हर ब्लॉकवर साधारण तेवढाच वेळ बॉल टाकतो. वर आल्यावर अर्धा तास, कधी पाऊण तास जीभ बाहेर आणि धापा चालूच. पंखा फुल असतो. खाणं, शी-शू सगळं व्यवस्थित. रात्री झोपेत मधूनच श्वास फार भरभर होतो, पाय हलतात, मग आपोआप थांबतं.

विचारायचं असं:

1. किती वेळ धापा टाकणं नॉर्मल धरायचं?
2. धापा मोजायच्या कशा? इतक्या भरभर असतात की आकडाच लागत नाही.
3. बर्फाचं पाणी चालतं का? चालतं म्हणणारेही छातीठोक सांगतात आणि नाही म्हणणारेही.
4. खेळ कमी करू की वेळ बदलू?

ऑक्टोबरचा उकाडा आहे हे मान्य, पण सकाळ आणि संध्याकाळमध्ये एवढा फरक?

---

पाऊलवाट

एवढा फरक पडतो, आणि तो मिनिटांमुळे नाही. संध्याकाळी चार गोष्टी एकावर एक चढतात: दिवसभर तापलेली फरशी, दमट हवा, बॉलमागची सुसाट धाव आणि पिल्लाला आलेला चेव.

आधी धापेचं काम समजून घ्या. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजाच्या गाद्यांना, आणि तो शरीर थंड करायला पुरत नाही. धावताना स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात तिचा साधारण पाऊण भाग उष्णता होऊन अंगातच राहतो. हवा गार असेल तर ती उष्णता कातडीतून आणि जमिनीला टेकलेल्या पोटातून निघून जाते. हवा तापली की हा मार्ग आखडतो आणि सगळा भार नाक, तोंड आणि जिभेच्या ओलाव्यावर येतो. भरभर हवा फिरवून तो ओलावा उडवायचा, म्हणजे धाप. तत्त्व डेझर्ट कूलरचंच. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात कूलर खोली गार करतो आणि ठाण्यात तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, कारण हवेत आधीच पाणी भरलेलं असतं. तुमची लॅब ऑक्टोबरच्या दमट संध्याकाळी त्याच अडचणीत आहे. थर्मामीटरवर नागपूर जास्त दिसेल, पण 32 अंश आणि चिकट हवा ही जोडी धावणाऱ्या पिल्लाला बरीच जड जाते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: धापा मोजूच नका. मिनिटाला 200 ते 400 इतक्या असतात, डोळ्यांनी मोजता येत नाहीत आणि मोजून हाती काही लागतही नाही. (एवढ्या भरभर धापून ती दमत कशी नाही, असं वाटेल. छातीचा पिंजरा आणि फुप्फुसांची स्वतःची एक लय असते, धापताना कुत्रं त्याच लयीत श्वास हलवतं, म्हणून मेहनत फारशी पडत नाही.) मोजायचा तो गाढ झोपेतला श्वास. पोट एकदा वर-खाली म्हणजे एक. 30 सेकंद मोजून दुप्पट करा. मोठ्या कुत्र्याचा झोपेतला आकडा 30 च्या आत असतो, पिल्लाचा थोडा जास्त निघू शकतो. पाय हलत असताना, पापण्या फडफडत असताना मोजू नका. ती स्वप्नाची झोप असते, तेव्हा श्वास वेडावाकडा होतोच. रात्री तुम्हाला दिसतंय ते बहुतेक तेवढंच.

वेळेबद्दल ढोबळ नियम असा: गार हवेत 10 मिनिटं, उकाड्यात सावलीत-घरात 15 ते 20 मिनिटांत धापांचा जोर स्पष्ट ओसरला पाहिजे. "थांबल्या पाहिजेत" असं मी म्हणत नाही, "ओसरला पाहिजे" म्हणतो. दहाव्या मिनिटाला पहिल्या मिनिटापेक्षा तोंड कमी उघडं, मधे गिळायला किंवा आवाज ऐकायला तोंड मिटून घेणं, हे उताराचं लक्षण. अर्ध्या तासानंतरही जोर तोच असेल तर आधी घरातली हवा तपासा आणि मग पिल्लू.

आणि फुल पंख्याबद्दल: पंखा आपल्याला गार करतो कारण आपल्या कातडीवर घाम असतो. तिच्या केसांवर घाम नाही, त्यामुळे पंख्याचा उपयोग अर्धाच. पोट, जांघा, काखा आणि पंजे नळाच्या पाण्याने ओले करून मग पंख्याखाली बसवा, फरक लगेच दिसेल. पाणी केसांवरून ओघळून जाता कामा नये, कातडीपर्यंत बोटांनी चोळा. लॅबचा आतला मऊ केसांचा थर पाणी आत जाऊ देत नाही.

---

पशुवैद्य_सातारा

वरचं बरोबर आहे. मी फक्त उकाड्याच्या पलीकडची कारणं कशी वगळायची ते सांगतो, कारण "उकाडाच असेल" म्हणून बसून राहिलेली पिल्लं उशिरा येतात.

घरी तीन गोष्टी बघा.

हिरड्या. ओठ वर करून दाताच्या वरची हिरडी बोटाने दाबा, पांढरी पडेल, सोडा. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परत आला पाहिजे. खेळल्यावर हिरडी नेहमीपेक्षा लालसर दिसते, ते चालतं. विटेसारखी गडद लाल असेल तर अंग जास्त तापलंय. निळसर-करडी असेल तर फोन करत बसू नका, थेट दवाखाना. आणि फिकट, कागदासारखी असेल तर रक्त कमी. आपल्याकडे पिल्लाच्या फिकट हिरडीमागे दोन नेहमीचे संशयित: हुकवर्म आणि गोचीड. हुकवर्म आतड्यात रक्त पितो. गोचिडीतून बबेसिया आणि एर्लिकिया हे रक्तातले जंतू येतात, ज्याला सगळे सरसकट टिक फीवर म्हणतात. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशी कमी झाल्या की थोड्या श्रमानेही धाप लागते, आणि ती सकाळीही लागते. तुमची सकाळी पाच मिनिटांत शांत होते ही म्हणूनच चांगली खूण आहे. तरी बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत, मानेखाली आणि शेपटीच्या मुळाशी रोज हात फिरवा. फिकटपणा, मरगळ, ताप यातलं काही असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करून घ्यावा.

ताप. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारात दोन-अडीच सेंटिमीटर, एकाने डोकं धरायचं. तो थर्मामीटर वेगळा ठेवा, घरातल्या माणसांच्या डब्यात परत टाकू नका. विश्रांतीतलं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. जोरात पळाल्यावर 103-104 दिसणं यात घाबरण्यासारखं नाही, चपळ कुत्र्यात त्याहून वरही जातं. शिवाय खेळ थांबल्यावरही काही मिनिटं पारा चढत राहतो, कारण स्नायूंतली उष्णता तेव्हा रक्तातून पसरत असते. म्हणून एकदा आल्याआल्या आणि एकदा 15-20 मिनिटांनी घ्या. दुसरा आकडा पहिल्याच्या खाली हवा.

छाती. पुढच्या भेटीत डॉक्टरांना "हृदयात मर्मर आहे का" असं स्पष्ट विचारा. मर्मर म्हणजे ठोक्यांबरोबर ऐकू येणारा जादा फुसफुस आवाज. लहान पिल्लात निरुपद्रवी मर्मर ऐकू येतो आणि चार-पाच महिन्यांत जातो. या वयात उरलेला असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला हवा. लॅबमध्ये ट्रायकस्पिड झडपेचा जन्मजात दोष इतर जातींपेक्षा जास्त सापडतो. अशा पिल्लाला धाप लागते, शिवाय ते वाढीत मागे राहतं, पोट तट्ट दिसतं, खेळ मधेच सोडून बसतं.

लॅबचं आणखी एक दुखणं माहीत असू द्या: व्यायामाने कोसळणं. डीएनएम1 या जनुकातल्या दोषामुळे होतं. 5 ते 15 मिनिटांच्या जोरकस, उत्तेजित खेळानंतर मागचे पाय लटपटतात, ओढले जातात, कुत्रं शुद्धीत असतं, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत पूर्ववत होतं. सहसा पाच महिन्यांनंतर दिसायला लागतं. नुसती धाप म्हणजे हे नव्हे, पण मागचा भाग डुलताना दिसला तर बॉल त्याच क्षणी बंद करा, मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि जनुकीय चाचणीबद्दल विचारा.

खाज किंवा ॲलर्जीसाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर त्यानेही धाप वाढते. असल्यास सांगा.

---

बॉलबंद

बर्फाचा वाद मिटवूया. प्यायच्या पाण्यात दोन खडे टाकल्याने निरोगी पिल्लाला काही होत नाही. पोटात पेटके येतात, पोट पिळतं, या गोष्टी फॉरवर्डमध्येच राहू द्या. अडचण थंडाव्यात नाही, घाईघाईत लिटरभर पाणी हवेसकट गटागट प्यायल्याने उलटी होते. आल्याआल्या 100-150 मिली द्या, दोन-तीन मिनिटांनी परत तेवढंच, धाप उतरली की भांडं मोकळं ठेवा. 15 किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण 750 ते 900 मिली लागतं, असल्या हवेत त्याहून जास्त. जेवण मात्र धाप पूर्ण उतरल्यावर, अर्ध्या-पाऊण तासाने.

आता खेळाबद्दल. बॉल हा पिल्लांसाठी सगळ्यात फसवा व्यायाम. मोकळं सोडलेलं पिल्लू पळतं, हुंगतं, बसतं, परत पळतं, म्हणजे स्वतःचा वेग स्वतः सांभाळतं. बॉलच्या मागे ते सांभाळत नाही, कारण तुमचा हात पुढच्या फेकीसाठी वर गेलेला असतो. लॅब तर कोसळेपर्यंत पळेल. दुसरं, पेव्हर ब्लॉकवर एकदम ब्रेक आणि वळण यात कोपर, खांदा, मनगट सगळ्यांना झटका बसतो, आणि मोठ्या जातीत हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या वर्षभर तरी उघड्या, म्हणजे कच्च्या असतात.

असं करा. संध्याकाळी साडेसातनंतर, माती किंवा गवतावर. जमिनीवर तळहाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवून बघा, टेकवता आली नाही तर तिच्या पंजालाही नको. बॉल टाकायचाच तर जमिनीवरून घरंगळत, उंच नाही, पाच-सहा फेकी. मग दोन मिनिटं हुंगायला सोडा, गवतात खाण्याचे दाणे विखरून द्या. परत पाच-सहा. एकूण 12-15 मिनिटं पुरेत. मधल्या दोन मिनिटांत तोंड मिटलं नाही तर दुसरी फेरी नाही.

केव्हा थांबायचं ते जीभ सांगते. खेळाच्या सुरुवातीला जीभ पातळ आणि अरुंद, जेमतेम खालच्या दातांच्या पुढे. तापायला लागली की लांब होते, मग टोकाशी रुंद होऊन पळीसारखी पसरते, कडा वर वळतात, ओठांचे कोपरे मागे ओढले जातात आणि दाढा दिसतात. पळी दिसली की खेळ संपला. तिथून पुढची दर फेक घरी येऊन धापेच्या मिनिटांत वसूल होते.

---

पाऊलवाट

@बॉलबंद, सहमत. फक्त कुणी तरी "वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं" हा नियम आणेलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. त्याच्यामागे ठोस अभ्यास नाही. पट्ट्यावर एकसुरी चालवण्यापुरता तो बरा आहे, मोकळ्या खेळाला लावू नका. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या आणि 2012 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात उलट असं दिसलं, की तीन महिन्यांपर्यंत रोज जिने चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या दोषाचा धोका जास्त होता आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. म्हणजे मिनिटांपेक्षा जमीन आणि हालचालीचा प्रकार बघा.

---

ठाणेकर_लॅब

सगळ्यांचे आभार. सांगितलं तसं तपासलं.

हिरड्या गुलाबी, रंग दीड-एक सेकंदात परत. गाढ झोपेतला श्वास 26. गोचीड नाही. औषध कुठलंच चालू नाही. काल पाच वाजता नेहमीसारखा खेळ, आल्याआल्या 103.6, वीस मिनिटांनी कोरड्या पंख्याखाली 103.2, धापा जोरात. मग पोट-जांघा ओल्या करून पंखा, दहा मिनिटांत 102.4 आणि तोंड बंद. जिभेची पळी पाचव्या-सहाव्या फेकीलाच दिसते, आधी कधी लक्षच गेलं नव्हतं.

आता एवढंच सांगा: साध्या धापेतून उष्माघाताकडे कधी सरकतंय हे ओळखायचं कसं, आणि तसं झालं तर करायचं काय? जवळचा दवाखाना ट्रॅफिकमध्ये 40 मिनिटांवर आहे.

---

पशुवैद्य_सातारा

तुमचे आकडे निरोगी पिल्लाचे आहेत. उष्णता बाहेर पडायला जागा नव्हती, ओलं केल्यावर मिळाली.

उष्माघाताकडे जाताना धाप वाढते, तिच्याबरोबर बाकीचं वागणंही बदलतं. लाळ दाट, चिकट, तारा सुटणारी. नजर स्थिर राहत नाही, हाक मारल्यावर कान वळत नाहीत. सावलीत नेलं तरी बसत नाही किंवा बसलं की उठत नाही. चाल दारुड्यासारखी. उलटी, पातळ शी, त्यात रक्त. हिरड्या विटेसारख्या, पुढे फिकट. आणि एक गोष्ट लोक फसून आनंदाने सांगतात: "धापा थांबल्या, आता बरं वाटतंय." पिल्लू मलूल, अंग भाजतंय आणि धाप एकाएकी थांबली, तर ते सुधारणं नव्हे, ते कोसळणं आहे.

40 मिनिटं अंतर असेल तर क्रम असा: आधी गार करा, मग निघा.

1. सावली किंवा बाथरूम. पट्टा, हार्नेस, मझल काढा.
2. नळाचं पाणी, पाइप किंवा तांब्याने, मानेपासून खाली सतत ओता. तरुण, निरोगी पिल्लाला टबात गळ्यापर्यंत बसवलं तरी चालतं, डोकं हाताने वर धरून. पाणी बर्फाचंच हवं असं नाही, त्याच्या अंगापेक्षा थंड पुरे. बर्फासाठी थांबू नका.
3. ओल्या अंगावर जोराचा पंखा. ओला टॉवेल अंगावर पांघरू नका, थोड्या वेळात तोच गरम होतो आणि वाफ अडवतो. खाली अंथरायला चालेल.
4. तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. स्वतः पीत असेल तर थोडं थोडं.
5. दर तीन-चार मिनिटांनी थर्मामीटर. 103 ला आलं की पाणी थांबवा. त्यापुढे तापमान आपोआप खाली घसरत राहतं आणि अंग नको तेवढं गार पडतं.
6. ओल्या अंगानेच गाडीत, एसी फुल. एकाने फोन करून दवाखान्याला कळवावं.

पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, क्रोसिनचा तुकडा, यातलं काही नाही. उष्माघात हा ताप नव्हे, त्या गोळ्यांनी पारा उतरत नाही, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा मात्र होते.

घरी शुद्धीवर येऊन शेपूट हलवायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच. मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांचं नुकसान पुढच्या एक ते तीन दिवसांत वर येतं. लघवी गडद कॉफीसारखी होणं, अंगावर लाल-जांभळे ठिपके, नाकातून रक्त, यांकडे लक्ष ठेवा.

---

पगवाली_पर्वरी

मधेच विचारते. आमच्याकडे पग आहे, सात महिन्यांचा. हेच आकडे लागू होतात का? गोव्यात दमटपणा बारा महिने.

---

पशुवैद्य_सातारा

नाही. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांची नाकाची वाट आखूड आणि टाळूचा मऊ पडदा लांब असतो. ओलावा उडवायला जागाच कमी, आणि जोरात धापताना घशाला सूज येऊन उरलेली वाटही चिंचोळी होते. खेळ पाच मिनिटांचा, पहाटे किंवा रात्री, आणि घरात एसी असेल तर खेळाआधी खोली गार करून ठेवा. धापेचा आवाज ऐका: कोरडी "हॅ-हॅ" ठीक. श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर खेळ तिथेच बंद, अंग ओलं, पंखा. आराम करतानाही घरघर असेल, झोपेत दचकून उठत असेल किंवा जेवताना थांबून श्वास घ्यावा लागत असेल, तर नाकपुड्या आणि टाळू तपासून घ्या. शस्त्रक्रियेने नाकपुड्या रुंद करता येतात, आणि हे तरुणपणी केलेलं चांगलं. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस. वजन एक किलोनेही वाढू देऊ नका, पगमध्ये ते आधी श्वासात दिसतं.

---

बॉलबंद

@ठाणेकर_लॅब, एक राहिलं. उकाडा म्हणून लॅबचे केस मशीनने बारीक करून आणू नका. पार्लरवाले सुचवतील. रबरी ब्रशने सुटे केस आठवड्यातून दोन-तीनदा काढा, हवा कातडीपर्यंत पोचते. आणि लिफ्ट बंद असेल त्या दिवशी जिने उतरून खेळायला न्यायचं नाही. घरात टॉवेलच्या गुंडाळीत खाण्याचे दाणे लपवून द्या, 15 मिनिटं नाकाने काम केलं की तेवढीच गाढ झोपते.

---

ठाणेकर_लॅब

आठवा मजला आहे, त्यामुळे तो प्रश्नच नाही :) खेळ उद्यापासून साडेसातनंतर मागच्या मातीच्या पट्ट्यावर. तिथे दिवे कमी आहेत, तर बॉलऐवजी दाणेच विखरतो.

---

पाऊलवाट

अंधारात गवतात सोडताना आधी टॉर्च मारा, आणि बूट आपटत एक फेरी घ्या. पावसाळ्यानंतर ठाण्यात सापाची पिल्लं फिरत असतात.